न भरणारी टाकी

आमच्या तालुक्याच्या गावात लोक एक गोष्ट अभिमानाने सांगतात. "पंचवीस वर्षं झाली, आमच्या संडासची टाकी एकदाही उपसावी लागली नाही." ऐकणारा लगेच विचारतो, गवंडी कोण होता? मला हे ऐकलं की संताप येतो. पाच-सहा माणसांच्या घरातला मैला पंचवीस वर्षं एका टाकीत पडतो आहे आणि टाकी भरत नाही, याचा अर्थ तो कुठेतरी निघून चालला आहे. टाकीला तळच बांधलेला नसेल, तळ फुटला असेल, नाहीतर गाळ वरपर्यंत चढून बाहेरच्या पाइपातून गटारात वाहत असेल. टाकी हौदाएवढी बांधली असेल तर दिवस लांबतात, पण तोवर तळाशी बसलेला गाळ असा घट्ट होतो की पंपालाही हलत नाही. शेजाऱ्याच्या बोअरवेलमध्ये, खालच्या आळीच्या गटारात आणि ओढ्यातून नदीत जे गेलं, ते या अभिमानाच्या टाकीतूनच गेलं आहे.

सेप्टिक टँक म्हणजे मैला नाहीसा करणारं यंत्र, असा आपला समज आहे. तिचं काम फार मर्यादित आहे. जड भाग तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, आणि मधलं पाणी दुसऱ्या कप्प्यातून बाहेर पडतं. ते पाणी स्वच्छ नसतं. घाणीचा जेमतेम निम्मा भार टाकीत अडतो, तोही टाकी नीट बांधलेली आणि वेळेवर उपसलेली असेल तर. उरलेली घाण जिरवायला शोषखड्डा लागतो, आणि तळाचा गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढावा लागतो. हे केंद्र सरकारच्याच मार्गदर्शक पुस्तिकांत लिहिलेलं आहे. आमच्याकडे शोषखड्डा नकाशावर असतो, जागेवर नसतो. दीड-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर घर, पार्किंग आणि जिना बसवल्यावर खड्ड्याला जागा उरत नाही. खाली काळी माती असेल तर पाणी मुरत नाही, आणि कोकणात जांभ्याच्या फटींतून ते गाळून न निघताच विहिरीला जाऊन मिळतं. मग गवंडी चार इंची पाइप टाकीतून काढून सरळ नगरपरिषदेच्या उघड्या गटारात सोडतो. घरमालक बघतो, नगरसेवक बघतो, स्वच्छता निरीक्षकही बघतो. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मात्र मिळतो.

हे काही मूठभर घरांपुरतं नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरी कुटुंबांपैकी ३२.७ टक्क्यांचे संडास मलवाहिनीला जोडलेले होते आणि ३८.२ टक्क्यांचे सेप्टिक टँकला. त्यातही मलवाहिन्या आहेत त्या मोठ्या शहरांत. छोट्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींची गावं जवळजवळ सगळी टाक्यांवर चालतात. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानात संडास बांधले गेले, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये महाराष्ट्राचा सगळा शहरी भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. अंधार पडायची वाट बघत पोट दाबून बसणाऱ्या बायकांसाठी ही फार मोठी गोष्ट होती, आणि त्यासाठी राबलेल्यांना मी मनापासून धन्यवाद देते. पण सरकारचा सगळा जोर भांडं, भिंती आणि दारावर होता. घराला मिळालेले केंद्राचे ४,००० रुपये काय आणि त्यात राज्याने घातलेली भर काय, त्यात बांधलेली टाकी कशी झाली हे कोणी आत वाकून पाहिलं नाही. दारासमोर लाभार्थ्याचा फोटो निघाला आणि योजना पूर्ण झाली. मैला उघड्यावरून जमिनीखाली गेला. तिथून पुढे तो कुठे जाणार, हा प्रश्न तसाच राहिला.

आमच्या गल्लीत टाकी तुंबली की विजेच्या खांबावर रंगवलेल्या नंबरला फोन करतात. गाडी येते. तीन-चार हजार लिटरची टाकी, मागे पंप आणि जाड नळी. फेरीचे दोन-अडीच हजार रुपये. नळी गुंडाळणाऱ्या ड्रायव्हरला मी विचारलं, "दादा, हे नेऊन कुठे टाकता?" त्याने काही लपवलं नाही. "उन्हाळ्यात कोणी शेतकरी मागतो, त्याच्या शेतात. पावसाळ्यात शेतात गाडी जात नाही ताई, मग ओढा. नगरपरिषदेने जागा दाखवली तर तिथे टाकू, आम्हाला काय?" त्या माणसावर मला राग धरता येत नाही. दिवसाला चार फेऱ्या झाल्या तर त्याचं पोट भरतं, आणि त्याच्यासाठी कायदेशीर जागा गावात नाही. राग आला तो नगरपरिषदेच्या उत्तराचा. मी लेखी विचारणा केली तेव्हा कळवण्यात आलं की टाकी उपसणं ही मालमत्ताधारकाची खासगी बाब आहे.

गाडीत भरेपर्यंत बाब खासगी असेल. ओढ्यात ओतल्यावर ती कोणाची? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा ही कामं नगरपालिकांच्या नावावर लिहिली आहेत. पाणी दूषित करण्याविरुद्धचा कायदा १९७४ चा आहे. राज्याने सेप्टिक टँकच्या मैल्याबाबत मार्गदर्शक सूचना २०१६ मध्ये काढल्या आणि केंद्राचं राष्ट्रीय धोरण २०१७ मध्ये आलं. कागदाची उणीव कुठेच नाही. सुक्या-ओल्या कचऱ्यासाठी रोज सकाळी गाणं वाजवत दारात घंटागाडी पाठवणारी नगरपरिषद त्याच घरातल्या सगळ्यात धोकादायक घाणीला खासगी म्हणते. का, तर कचरा डोळ्यांना दिसतो आणि त्यावरून मतं जातात, मैला दिसत नाही.

आणि हे न दिसणं माणसं मारतं.

टाकी दर तीन वर्षांनी उपसली तर तळाचा गाळ पातळ असतो, पंप तो सहज ओढून घेतो आणि माणसाला आत डोकावण्याचंही कारण पडत नाही. दहा-पंधरा वर्षं हात न लावलेल्या टाकीत नळी फक्त वरचं पाणी खेचते. खाली घट्ट थर तसाच राहतो. मग मालक म्हणतो, पैसे पूर्ण घेतलेत तर टाकी पूर्ण साफ करा. मग शिडी येते, बादली येते, दोर येतो आणि एक माणूस आत उतरतो. गाळ ढवळला की त्यात कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड सुटतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलं की तो आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि त्याहून वाढला की दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. वर उभा असलेला भाऊ किंवा सोबती त्याला काढायला उतरतो आणि तोही राहतो. म्हणून टाकीतल्या मृत्यूंच्या बातम्यांत मेलेल्यांचा आकडा बहुतेक वेळा एक नसतो. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा इथे एका टाकीने पाच मजूर नेले. एप्रिल २०२४ मध्ये विरारच्या एका गृहसंकुलातल्या सांडपाणी प्रकल्पात चार गेले.

हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाखांवर नेली. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशभरात ३७७ माणसं गटारं आणि टाक्या साफ करताना मेली. आणि जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत केंद्रीय सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी सांगितलं होतं की हाताने मैला उचलण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. टाकीत गुदमरून मेलेला माणूस वेगळ्या रकान्यात लिहिला की तो या रकान्यातून नाहीसा होतो. बाबासाहेबांचं नाव घेऊन राजकारण केलेल्या माणसाने ते उत्तर वाचून दाखवावं, याची मला आजही चीड येते. त्या उत्तरावर त्यांनी सही नाकारायला हवी होती.

मी पुन्हा सांगते, कारण हा दुवा कोणी जोडत नाही. माणूस आत उतरतो तो आपण टाकी वेळेवर उपसत नाही म्हणून. कायद्याने बंदी घालून, मास्क आणि हातमोजे वाटून, सत्कार करून हे थांबणार नाही. पंचवीस वर्षांच्या त्या अभिमानाचा हिशेब कुठल्या तरी तांड्यावरची, वस्तीवरची बाई कुंकू पुसून चुकवते.

ती बाई कुठल्या जातीची असते हेही आपल्याला ठाऊक आहे. नगरपालिकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम मेहतर, वाल्मीकी, रुखी, मांग, महार या समाजांकडून करून घेतलं. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे सफाई कामगाराची नोकरी वारसाला मिळते. कामगार ती सोडायला तयार नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही सोडली नसती, कारण कायम नोकरी दुसरीकडे कोणी देत नाही. पण ज्या राज्यात बापाच्या पश्चात मुलाला झाडूच मिळतो, तिथे संडासची टाकी 'खासगी बाब' ठरवणं म्हणजे तिचं काम ठेकेदाराच्या कायम पगार नसलेल्या, बिनविम्याच्या माणसावर ढकलणं. कायम कामगाराला निदान संघटना आहे. गाडीवरच्या पोराला तीही नाही.

मैल्याचं काम कोणी करायचं, हा प्रश्न या मातीत नवा नाही. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी संडास साफ करण्याचं काम आपल्यालाही द्या, असा हट्ट धरला. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून सरकारने नकार दिला, अप्पांनी अन्न सोडलं आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पा आयुष्यभर संडासांचे प्रयोग आणि सोनखताची कामं करत राहिले. मैल्याला हात लावल्याने माणूस विटाळत नाही, तो नीट कुजवला तर शेताला सोनं होतो, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी करून दाखवलं. आपण त्यांना कोकणचे गांधी म्हणून मोकळे झालो.

आता नगरपरिषदांचं आवडतं उत्तर घेऊ. "भुयारी गटार योजना मंजुरीला पाठवली आहे." माझ्या माहितीतली गावं या उत्तरावर पंधरा-वीस वर्षं बसून आहेत. रस्ते खणले जातात, चेंबर बांधले जातात, आणि घरांची जोडणी होत नाही, कारण तो खर्च पुन्हा घरमालकावर. त्याहून मोठी अडचण पाण्याची आहे. मलवाहिनीतून मैला वाहून जायला पाणी लागतं. म्हणून केंद्राच्या निकषात मलवाहिनी असलेल्या गावाला माणशी रोज १३५ लिटर आणि नसलेल्या गावाला ७० लिटर पाणी धरलं आहे. मनमाडला नळाचं पाणी पंधरा-पंधरा दिवसांनी येण्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. अशा मुलखात मलवाहिनी टाकणं म्हणजे मैला जमिनीखाली तुंबवून ठेवण्याची सोय. मोठ्या शहरांना मलवाहिन्या लागतील, याबद्दल माझा वाद नाही. पण तीस-चाळीस हजार वस्तीच्या गावाला ती येईपर्यंत थांबा म्हणणारा अधिकारी आपली बदली होईपर्यंतची मुदत मागत असतो.

थांबायची गरज नाही हे याच महाराष्ट्रात दोन गावांनी दाखवलं आहे. सातारा जिल्ह्यातलं वाई, कृष्णेकाठचं, घाटांचं आणि विश्वकोशाचं गाव, वस्ती छत्तीस हजारांच्या आसपास. आणि नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर, औद्योगिक वसाहतीमुळे वाढलेलं, वाईच्या जवळजवळ दुप्पट. दोन्हीकडे मलवाहिनीची वाट न बघता नगरपरिषदेने अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीने टाक्यांची घरोघर मोजणी केली, आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी पाळीपाळीने उपसायची असं वेळापत्रक केलं. तक्रार येवो न येवो, टाकी तुंबो न तुंबो, गाडी ठरलेल्या दिवशी त्या आळीत येते. घरमालक गाडीवाल्याला पैसे देत नाही. तो नगरपरिषदेला स्वच्छता कर भरतो. काम खासगी ठेकेदाराकडे आहे, पण त्याचं बिल निघतं ते टाकी उपसून मैला प्रक्रिया प्रकल्पात पोचवल्याची नोंद झाल्यावर. बिलाचा पैसा वेगळ्या राखीव खात्यात ठेवला, म्हणजे ठेकेदाराला महिनोन्‌महिने कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. मैला घ्यायला दोन्हीकडे दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेचे प्रकल्प उभे राहिले.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पैसे कसे फिरतात ही आहे. आमच्या गावात गाडीवाला घरापाशी पैसे घेतो आणि मोकळा होतो. ओढा दोन किलोमीटरवर आणि प्रकल्प आठ किलोमीटरवर असेल, तर तो आठ किलोमीटर डिझेल का जाळेल? वाईच्या पद्धतीत मैला प्रकल्पाच्या दारात पोचला नाही तर त्याला छदामही मिळत नाही. नुसते दंड ठोकून ओढे वाचत नाहीत, पैसे कुठल्या टोकाला द्यायचे हे बदललं की वाचतात.

खर्च परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी हिशेब करते. समजा गावात ६,००० टाक्या आहेत. तीन वर्षांची पाळी धरली तर वर्षाला २,००० टाक्या, कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला सहा-सात. दोन गाड्या पुरतात. एका टाकीचे २,००० रुपये धरले तर घरटी वर्षाला सातशेच्या आत, महिन्याला साठ रुपयेसुद्धा नाहीत. मोबाइलच्या एका महिन्याच्या रिचार्जएवढेही पैसे आपण आपल्या मैल्यासाठी भरायला तयार नसतो, आणि घरपट्टी वाढवायचा विषय सभेत निघाला की सगळ्या पक्षांचे नगरसेवक एका सुरात उभे राहून विरोध करतात.

वाईलाही सगळं सोपं गेलं असेल असं मी मानत नाही. आपल्याकडे टाकीवर काय नसतं? टाइल्स बसवलेल्या असतात, तुळशीवृंदावन असतं, पार्किंग असतं, कुठे त्यावरच वाढवलेलं स्वयंपाकघर असतं. झाकण सापडत नाही. सापडलं तर फरशी फुटेल म्हणून मालक गाडीला परत पाठवतो, "आमची टाकी भरलेलीच नाही" म्हणतो. पांढरपेशा वस्तीतला हा नकार मला गरिबाच्या नाइलाजापेक्षा जास्त घाण वाटतो. ज्याने आठ लाखांची गाडी टाकीवर उभी केली आहे त्याला दोन टाइल्सची काळजी आहे. अशा घराला नगरपरिषदेने नोटीस द्यावी, खर्चासकट वसुली करावी आणि नवं बांधकाम असेल तर उघडता येणारं झाकण आणि शोषखड्डा प्रत्यक्ष बघितल्याशिवाय दाखला देऊ नये.

प्रकल्प नुसता बांधूनही भागत नाही. राज्याने गेल्या काही वर्षांत अनेक गावांना मैला गाळ प्रक्रिया प्रकल्प मंजूर केले आणि बरेच उभेही राहिले. जिथे उपसण्याचं वेळापत्रक नाही तिथे ते क्षमतेच्या कितीतरी खाली चालतात. फीत कापायला पाहुणे येतात, गाड्या येत नाहीत. आणि तरीही स्वच्छ सर्वेक्षणाच्या गुणांसाठी 'ओडीएफ प्लस प्लस'चं प्रमाणपत्र भिंतीवर लागतं, ज्याची अटच ही आहे की गावातला मैला सुरक्षित उपसला, वाहून नेला आणि प्रक्रिया केला जातो. ओढ्यात गाड्या रिकाम्या होत असताना हे प्रमाणपत्र मिरवणारी नगरपरिषद खोटं बोलते आहे. याला दुसरा सभ्य शब्द नाही.

शेतकऱ्यालाही स्पष्ट सांगायला हवं. कच्चा मैला खत नव्हे. त्यात जंतांची अंडी असतात, ती मातीत महिनोन्‌महिने, कधी त्याहून जास्त टिकतात, आणि कोथिंबीर-मेथीच्या जुडीबरोबर बाजारात येतात. गाळ पुरेसा वाळवून, तापवून किंवा नीट कुजवून ती मारली तरच ते सोनखत. प्रकल्पातून तपासून निघालेलं खत शेतकऱ्याला स्वस्तात द्यावं, त्याला ते हवंच आहे. नाहीतर तो गाडीवाल्याकडून फुकट घेत राहील, आणि पहिल्या पावसाबरोबर कावीळ-गॅस्ट्रोचे रुग्ण आपल्याच ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात गाद्या टाकून झोपतील.

नगरपरिषदेचा अर्थसंकल्प दरवर्षी सभेपुढे येतो. त्यात टाक्या उपसण्यासाठी वेगळी तरतूद किती, हे आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला विचारा. तरतूद नसेल तर मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा की गावात टाक्या किती, गेल्या वर्षी उपसल्या किती आणि प्रकल्पात गाड्या पोचल्या किती. गावाला प्रकल्प असेल तर त्याच्या दारात गाडीचा नंबर, वेळ आणि आणलेले लिटर लिहिण्याची नोंदवही असते. माहितीच्या अधिकारात अर्ज करून तिच्या प्रती मागा. मी अर्ज दिला आहे. गावातून पन्नास अर्ज गेले तर नगरपरिषदेला आपली वही उघडावीच लागेल.